आईनं माझ्या ताटात सारलेले तुकडे

आज ऑफिसमध्ये कुणीतरी लंचला सगळ्यांसाठी ओसाम बुलगोगी ही कोरियन डिश आणली होती, तिखट लाल मसाल्यात परतलेलं स्क्विड आणि पोर्क. त्या खमंग वासानं मी एकदम अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या माझ्या जुन्या अपार्टमेंटच्या किचनमध्ये जाऊन पोचले.

आई वेंगुर्ल्याहून पहिल्यांदाच आली होती. शेजारच्या कोरियन काकूंनी हेच डबाभर पाठवलं. आईनं झाकण काढलं आणि स्क्विडचं गोल कडं लगेच ओळखलं.

"हे तर आपलं माकूल. पण त्याच्याबरोबर हे मटण कसलं गं?"

पोर्क म्हटलं तर ती जेवायचीच नाही, या भीतीनं मी म्हणाले, "चिकन आहे."

तिनं भाताबरोबर माकूल चवीनं खाल्लं आणि मटणाचे तुकडे एकेक करून माझ्या ताटात सारले. "तू खा," म्हणाली. मग डबा घासून, त्यात रव्याचे लाडू भरून तो काकूंना देऊन आली.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता मात्र काही कळत नाही. तिनं ओळखलं होतं का, आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून गप्प बसली का? पण लहानपणी रविवारच्या मटणातले तुकडेही ती अशीच माझ्या ताटात सारायची आणि स्वतः रस्सा-भात खायची. आई गेल्याला आता बरीच वर्षं झाली.

आज मी माकूल संपवलं, आणि बघते तर पोर्कचे सगळे तुकडे मीच ताटाच्या कडेला सारून ठेवलेले. ते कुणाला द्यायचे, तेच कळेना.