नव्या भाताआधी वाजलेला तारपा

सोनू कमरेला छोटा ट्रान्झिस्टर बांधून जव्हारच्या बाजारात फिरायची आणि आणखी कुणाकडे आपलं स्टेशन लागलंय का, याचा कानोसा घ्यायची. मुलांनो, दाभोशाची ही सोनू आमच्या गाव-रेडिओसाठी गाणी निवडायची. आता ती मोखाड्याला नवं केंद्र चालवते. मी तेव्हा बाहेरून इथे नवीनच आलेली शिक्षिका; श्रोत्यांच्या फोनची नोंदवही माझ्याकडे असे. मी रोज तारीख घालत असे; खाली लिहायला काही नसे.

सोनूने सकाळी नुसती बासरी लावली. बायकांना वाटलं, स्टेशन बिघडलं, कुणी बोलतच नाही. दिवसभर हिंदी सिनेमाची गाणी लावली. ठाण्याहून कामावरून परतलेले म्हणाले, ही तर आमच्या मोबाइलमध्येच आहेत. सोनू हसायची. "पडलं तं पडलं, बाई. दुसरं लावून बघू."

आषाढात रेडिओच्या समितीने बजावलं, महिनाअखेरपर्यंत एकही फोन आला नाही तर मुंबईहून तयार गाणी घेऊ. म्हणजे सोनू घरी बसणार. ती तेव्हा भाताची रोपं लावायला शेतावर गेली होती. तिचं काम वाचावं म्हणून मी स्वतःच तारप्याचं, त्या भोपळ्याच्या लांब फुंकवाद्याचं, ध्वनिमुद्रण लावलं. इथलं वाद्य, इथले लोक, ऐकतीलच.

दहा मिनिटांत फोन वाजला! जामसरचे एक आजोबा भडकले होते. "भात अजून चिखलात हाय, नि तुम्ही तारपा वाजवता?" मग दुसरा फोन, तिसरा. नवं धान्य घरात येईपर्यंत तारपा वाजवायचा नाही, हे इथल्या लेकरालाही ठाऊक. मलाच नव्हतं.

सोनूने शेतात ते ऐकलं होतं. मिळेल त्या जीपने ती आली, पाय चिखलाने माखलेले. मी मान खाली घातली. तिने वही ओढून घेतली, भरलेलं पान पाहिलं आणि नाचायचीच राहिली. "बाई, शिव्या घालतात म्हंजे ऐकतात ना!"

माइकवर तिने आधी माफी मागितली. मग विचारलं, "आता हातात रोप हाय, तं तोंडात कोणतं गाणं हाय?" संध्याकाळपर्यंत बायका फोनवरून भातलावणीच्या वेळची गाणी गात होत्या. माझा पेन थांबेना. समितीने मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही.

भात झोडून झाल्यावर जामसरच्या त्याच आजोबांचा फोन आला. "पोरी, नवा भात खाल्ला. लाव आता."

सोनू खुर्चीवरून उठली आणि मला तिथे बसवलं.

"तुम्हीच लावा, बाई. आता कोण रागवत नाय."