झाकलेली बरणी

आमच्या बाईंना टाळ्यांचं वावडं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काही जमलं की पोरं टाळ्या वाजवायची आणि बाई हात वर करून म्हणायच्या, "थांबा. आधी झाकलेली बघू."

झाकलेली म्हणजे बरणी. डोंबिवली पूर्वेला बाईंच्या इमारतीच्या गच्चीवर लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या असत. तिन्हींत मानपाड्याच्या नाल्यातलं लाल पाणी. पहिलीत चिमूटभर टिटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतींच्या रंगात घालतात ती पांढरी पावडर. ऊन लागलं की ती कामाला लागते आणि कारखान्यांनी पाण्यात सोडलेला कपड्यांचा रंग तोडते. दुसरीत पावडर नाही, नुसतं ऊन. तिसरीत पावडर होती, पण तिला मोडक्या छत्रीचं काळं कापड गुंडाळलेलं. पहिलीतला रंग गेला आणि उरलेल्या दोघींतला टिकला, तरच उन्हाने आणि पावडरीने मिळून काम केलं असं बाई मानत. पोरं त्यांना बरणीबाई म्हणत. "लोणचंबाई म्हणत नाहीत, हेच नशीब," असं त्या म्हणायच्या.

त्याच गच्चीवर शेजारच्या सामंतकाकूंचे सांडगे वाळत. "अहो बाई, गटाराचं पाणी माझ्या सांडग्यांशेजारी?"

"तुमच्या सांडग्यांना ऊन लागतं तसं माझ्या बरणीलाही लागतं. तुम्ही थोडं सरका, मी थोडी सरकते."

काकू तसूभर सरकत नसत. उलट तिथेच बसून टोमणे मारत, "हिलाच का गुंडाळलंय? थंडी वाजते वाटतं!" बाई न हसता पहिल्या बरणीपासून सगळं समजावून सांगत. दर वेळी. काकू "काय बाई एकेक" म्हणत कावळे हाकलत.

माझे बाबा युनियनचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती घरातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवरून, आणि कॉलेजात गेल्यावर नाल्याविरुद्धची पत्रकं मीच लिहू लागले. बाईंना दाखवली की त्या 'सर्व', 'कायमचे', 'निश्चित' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढत. "हे तपासलंस?"

"बाई, पत्रक आहे ते. प्रबंध नाही."

"म्हणून काहीही लिहायचं?"

मला संताप यायचा. नाला लाल वाहतो, त्याच्या काठची माणसं त्या वासात जेवतात, आणि आम्ही शब्द निवडत बसायचं!

बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना कापड रंगवायच्या एका कारखान्याच्या शेठनी शब्द दिला: गच्चीवर चार लोकांसमोर करून दाखवा, जमलं तर कारखान्यातली सांडपाण्याची एक टाकी प्रयोगाला तुमची. बरणीतून टाकीत जायची बाईंना मिळालेली ही एकच संधी. पावडर पाण्यातून गाळून काढणं त्रासाचं होतं, म्हणून त्यांनी ती या वेळी करवंटीच्या कोळशावर बसवली. मी 'सूर्याने रंग हरवला' असं पत्रक छापूनही ठेवलं.

दुपारपर्यंत पहिली बरणी नितळ झाली. टाळ्या पडल्या. शेठ म्हणाले, "टाकी तुमची, बाई. सोमवारी या."

बाईंनी तिसऱ्या बरणीवरचं कापड सोडलं. तीही नितळ. टाळ्या वाढल्या. कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर अंधारातपण चालते! भारी!"

बाई गच्चीच्या कठड्यावर टेकल्या. "टाळ्या नकोत. हा रंग कोळशाने ओढून घेतलाय. पहिलीतही किती तुटला आणि किती नुसता चिकटला, ते मला सांगता येणार नाही."

"पाणी साफ दिसतंय ना?" शेठनी समजूत काढली. "बघायला येणारे तेवढंच बघतात. टाकी देतो मी. फक्त ती झाकलेली नका आणू."

"आणि तो रंगलेला कोळसा कुठे टाकाल?"

"कोळशाचं काय, जाईल कुठेही."

"मग टाकी नको."

मी त्यांना बाजूला ओढलं. "बाई, आधी टाकी तर घ्या! बाकीचं नंतर बघू की."

"अगं, नाल्याच्या बाबतीत सगळे हेच म्हणत आलेत," बाई म्हणाल्या आणि बरण्या उचलू लागल्या. माझ्या पत्रकांचा तो गठ्ठा अजून माळ्यावर पडून आहे.

निवृत्तीनंतर त्या टिटवाळ्याला लेकीकडे गेल्या. तिथे गच्चीला कुलूप, म्हणून बरण्या खिडकीच्या ग्रिलमध्ये आल्या. एका संध्याकाळी फोन आला. "अगं, पहिली नितळ झाली आणि झाकलेली लालच आहे!" कोळसा सोडून त्यांनी पावडर काचेच्या तुकड्यांवर बसवली होती. पाणी घाण राहिल्याचा इतका आनंद मी कुणाच्याच आवाजात ऐकला नाही.

"शेठना कळवू?"

"थांब. या पाण्यावर मेथी उगवते का ते बघू. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही."

बशीतली मेथी उगवायच्या आत बाई गेल्या. मी पोचले तेव्हा लेकीने बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या.

गेल्या महिन्यात मानपाड्याला रहिवाशांची सभा झाली. पाणी शुद्ध करायचं नवं यंत्र घेऊन एक साहेब आले होते. त्यांनी नितळ पाण्याचा ग्लास उंच धरला. "बघा, दिसतोय का कुठे रंग?" टाळ्या पडल्या. मी बोलायला उठणार, तोच मागून सामंतकाकूंचा आवाज आला.

"ते राहू द्या हो. झाकलेली कुठंय?"

साहेबांना काही कळेना. तेव्हा काकू पदर खोचून पुढे गेल्या आणि न हसता, पहिल्या बरणीपासून सांगू लागल्या.