गुत्त्यांना मार्क देणारी वही

दारू पिणाऱ्याकडे गुत्त्याचे किस्से फार नसतात. तो सकाळपर्यंत विसरून जातो. किस्से साठतात ते न पिणाऱ्याकडे, कारण तो शुद्धीत असतो आणि घाबरलेला असतो, आणि भ्यालेल्या माणसाला सगळं लक्षात राहतं. आमच्या दारूबंदी मंडळातले आम्ही तिघे संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसलो की एकाने तोंड उघडायचा अवकाश, दुसऱ्याला दोन आठवतात. त्यातले काही इथे सांगतो. माझा स्वतःचा एक इतके दिवस मी कुणाला सांगितला नव्हता. तो शेवटी.

*

या उद्योगाची सुरुवात तात्यांनी केली. तात्या म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, शाळाखात्यातून निवृत्त झालेले, भाषणाला उभे राहिले की घड्याळ न बघणारे. गावातले कोणते गुत्ते वस्तीला उपद्रव देतात ते कळवा, त्यांच्या लायसनचा पुन्हा विचार करू, असं कलेक्टर कचेरीकडून मंडळाला कळलं होतं. तात्या म्हणाले, "ऐकीव लिहायचं नाही. प्रत्येक दुकानात जाऊन पाऊण तास बसा, डोळ्यांनी बघा, आणि दहापैकी मार्क द्या. चारच्या खाली पडेल ते बंद करण्याच्या यादीत."

मी तेव्हा नुकताच बी. ए. होऊन पुण्याहून परत आलो होतो. देश सहा महिन्यांत सुधारेल असा माझा हिशेब होता, आणि त्यातले चार महिने तर उलटूनही गेले होते. मी लगेच हात वर केला. माझ्याबरोबर दामू, कोर्टात कागदांच्या नकला करणारा, आणि हसन, राजिवड्याच्या गलबत चालवणाऱ्या एका तांडेलाचा मुलगा, माझा शाळेपासूनचा दोस्त.

हात खाली घेतल्यावर मला माझी नोकरी आठवली.

मी शाळेत हंगामी मास्तर होतो. दिवाळीपर्यंत वर्तणूक निर्दोष राहिली तर कायम, नाहीतर घरी. आणि वर्तणूक ठरवणार हेडमास्तर. आदल्या वर्षी एक ड्रॉइंगमास्तर तमाशाच्या कनातीबाहेर नुसता उभा दिसला, तर पुढच्या आठवड्यात तो बोटीच्या धक्क्यावर वळकटी घेऊन उभा दिसला. हेडमास्तर आरडाओरडा करत नसत. त्यांच्याकडे जांभळी शाई होती. ती सगळ्या शाळेत त्यांच्या एकट्याच्या दौतीत असे. आम्ही तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यातून ते मधल्याच चार ओढून पुन्हा तपासत आणि खाली शेरा मारत. जांभळा शेरा दिसला की मास्तराचं जेवण जात नसे.

"तू मंडळाचं काम करतोस हे मी हेडमास्तरांना सांगू का?" तात्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "ते विचारतील, कुठं बसून करता?"

*

पहिलं दुकान मांडवीकडचं. शाळा सुटल्यावर पाच वाजता आम्ही आत शिरलो. तिघांच्या डोक्यावर टोप्या, माझ्या हातात वही. ही वही शाळेचीच होती, दुसरी कुठून आणणार? वर छापलेल्या जागेत मी सवयीने नाव, शाळा, इयत्ता सगळं लिहून टाकलं होतं. इयत्तेपुढे मी शिकवत होतो ती चौथी घातली होती. या मूर्खपणाकडे मी पुढे येणार आहे.

काय मागायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. दामूने हॉटेलात मागतात तसं मागितलं. "दोन कप."

सगळ्या दुकानाच्या माना आमच्याकडे वळल्या. कोपऱ्यातला एक जण उठला आणि भिंतीला घासत बाहेर गेला. मग दुसरा. मग एकदम पाच. दुकानदार हात जोडून आमच्यासमोर उभा राहिला.

"सायब, माडीत पानी नाय हो. देवाशपथ नाय."

आम्हाला त्याने अबकारीवाले समजलं होतं! पाऊण तास आम्ही तिघे आणि तो, एकमेकांना भीत बसून राहिलो. बाहेर आल्यावर दामू म्हणाला, "मार्क किती द्यायचे?"

गोंगाट नाही, भांडण नाही, पिणारा एकही नाही. मी दहापैकी दहा दिले.

*

हसन आत बसेना. "माझ्या बापाला कळलं तर तो मला बोटीला बांधून एडनला नेईल," असं त्याचं म्हणणं. तेव्हा ठरलं की पुढच्या दुकानांत हसनने बाहेर पहारा द्यायचा. ओळखीचं कुणी येताना दिसलं की खोकायचं, आणि आम्ही मागच्या दाराने निघून जायचं.

दुसऱ्या दुकानात आम्ही टेकतो न टेकतो तोच बाहेर खोकला. एकदा नाही, तीनदा, आणि तोही जोरात. माझ्या डोळ्यांपुढे हेडमास्तरांची पगडी उभी राहिली. मी मागचं दार ढकललं, गडग्यावरून उडी मारली, आणि माझ्या पाठोपाठ दामूने. गडग्याच्या पलीकडे नारळाची सोडणं कुजत घालायचा खड्डा होता. कमरेपर्यंत आत गेलो.

काळ्या पाण्यातून वर आलो तर काठावर हसन उभा.

"कोण आलं?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मग खोकलास का?"

"सर्दी झालीय रे," तो म्हणाला आणि परत खोकला.

कुजलेल्या सोडणांचा वास तीन दिवस जात नाही. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात हेडमास्तर माझ्याजवळून गेले, थांबले, परत आले. "खाडीकडे गेला होता काय?" त्यांनी विचारलं.

"फिरायला," मी म्हणालो.

"हं. हवा चांगली असते तिकडे," असं म्हणून ते गेले.

*

तिसऱ्या दुकानात माझ्याशेजारी एक माडी काढणारा भंडारी येऊन बसला. झाडावरून थेट आला होता, कमरेला कोयत्यासारखं धारेचं आऊत. त्याने ते काढून मांडीवर घेतलं आणि एका चपट्या दगडावर घासायला लागला. नजर माझ्या वहीवर.

"काय लिवतास?"

"काही नाही. अभ्यास."

"ह्या दुकानाचा नाव लिवलंस ना वर? मी वाचताय वायच, अक्षरा जोडून." घासणं चालूच. "बंद करूक इलाव काय तुमी?"

दामूने माझ्या पायावर पाय दिला. मला एकदम काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "नाही हो. मी मास्तर आहे. कुणाला पत्रबित्र लिहून हवं असलं तर लिहून देतो."

घासणं थांबलं. "मग माज्या भावाक लिवा. मुंबयक हाय गिरणीत. दोन वर्सा झाली, आयस रडताय."

मी लिहिलं. आईचं रडणं लिहिलं, फणसाला आलेले फणस लिहिले, गाईला झालेली पाडी लिहिली. प्रत्येक ओळ त्याला वाचून दाखवली आणि प्रत्येक ओळीला त्याने आऊत हलवून मान डोलावली. शेवटी त्याचे डोळे भरून आले. त्याने दोन करवंट्या माडी मागवली.

"आम्ही घेत नाही," मी म्हणालो.

"नाय म्हंजे?"

आऊत अजून मांडीवरच होतं. दामूने दोन्ही करवंट्या एका दमात संपवल्या. दुसऱ्या दिवशी त्याने तात्यांपुढे दारू न पिण्याची शपथ नव्याने घेतली. काम संपेपर्यंत दामूने ही शपथ तीनदा घेतली. मंडळात त्याच्याइतक्या शपथा कुणाच्याच झालेल्या नाहीत.

*

पाचवं दुकान भाट्याच्या खाडीकडे उतरताना होतं. चालवणारी जानकीकाकू, विधवा बाई, पन्नाशीची. माडाच्या झापांचं छप्पर, पुढे अंगणासारखं सारवलेलं खळं, आणि आत भिंतीवर खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीला एकेक करवंटी उपडी टांगलेली. नेहमीच्या गिऱ्हाइकाची करवंटी ठरलेली, त्यात दुसऱ्या कुणाला मिळायचं नाही. ओळखीला कुणाची दोरा बांधलेली, कुणाची चुन्याचा ठिपका लावलेली.

"नावं का लिहीत नाही?" मी विचारलं.

"नावा कशाक, मास्तर? इथं येतो तो नाव घरी ठेवून येतो," जानकीकाकू म्हणाली.

मला ते उत्तर आवडलं नाही. त्या दिवसांत मला कुणाचंच उत्तर आवडत नसे. सगळ्या करवंट्यांवर राखाडी पूट होतं. मी वहीत लिहिलं: 'पिण्याची भांडी अस्वच्छ, काळी, न धुता टांगतात. गुण तीन.' म्हणजे दुकान बंद.

हसन त्या दिवशी आत डोकावला होता. त्याने वाचलं. "गजा, हिचं दुसरं काही नाही रे. हे बंद झालं तर ही बाई कुठं जाईल?"

"सुधारणा करायची म्हणजे कुणाला तरी झळ लागणारच," मी म्हणालो. अशी वाक्यं तेव्हा मला तयारच येत.

हसन बाहेर गेला, आणि दोन मिनिटांत खोकला. या वेळी मी ठरवलं होतं की आधी खात्री करायची. पण खोकल्यापाठोपाठ खळ्यावर जोड्यांचा आवाज आला. करकरणारे, पॉलिश केलेले जोडे. असले जोडे घालून खाडीवर कोण येतं? मी आणि दामू मागच्या झापातून बाहेर पडलो आणि माडांतून जे पळालो ते थेट रस्त्याला लागलो.

तिथं माझ्या लक्षात आलं. वही आत राहिली होती. नाव, शाळा, इयत्ता चौथी.

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी जानकीकाकूकडे धावलो. ती खळ्यावर बसून काहीतरी घासत होती.

"वही? ती एक गिऱ्हाईक घेऊन गेला. म्हनाला, जेची हाय तेका पोचवतो."

"कोण गिऱ्हाईक?"

"ता नाय सांगूचं."

"काकू, माझी नोकरी जाईल हो!"

तिने माझ्याकडे वर बघितलं. "माजा दुकान जाईल तेवा तुमी कुनाक सांगाल?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. वही तिला कुणीतरी वाचून दाखवली होती.

हसनला मी विचारलं, जोडे कुणाचे होते? तो म्हणाला, पाठमोरा होता, छत्री उघडी होती, डोकं दिसलं नाही. "पण चालीवरून मोठा माणूस वाटला," एवढं त्याने सांगितलं. पुढचे पाच दिवस मी कसे काढले ते मला आणि माझ्या आईला माहीत. शिपाई वर्गाच्या दाराशी आला की हातातला खडू मोडे. कचेरीतल्या एका कारकुनाने सहज 'काय मास्तर' म्हटलं, तर मी त्याला 'नाही' म्हणालो. घरी मी वळकटीच्या दोऱ्याही शोधून ठेवल्या होत्या.

*

सहाव्या दिवशी शिपाई खरंच आला. "हेडमास्तरांनी बोलावलंय."

ते टेबलाशी बसले होते. पुढ्यात माझ्या चौथीच्या वह्यांचा गठ्ठा, बाजूला जांभळी दौत, टाक अजून ओला. मी उभा राहिलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दिवाळीनंतर तुमचा कायमचा हुकूम निघेल," ते म्हणाले. "वर्तणुकीविषयी माझी तक्रार नाही. मात्र तपासणी घाईने करता. नवीन माणसाचा हा दोष असतो. वह्या घेऊन जा."

मला वाटलं आपण तरलो. गठ्ठा छातीशी धरून मी मास्तरांच्या खोलीत आलो आणि मुलांना वाटायला वह्या वेगळ्या करू लागलो. आठवी वही माझी होती.

उभ्या उभ्याच पानं उलटली. मांडवीच्या दुकानाच्या दहा गुणांना जांभळी बरोबरची खूण. तिसऱ्या दुकानालाही खूण. पाचव्याच्या तीन गुणांवर सरळ रेघ मारलेली आणि शेजारी आठ. खाली त्यांच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात शेरा:

'करवंट्या रोज राखेने घासून उन्हात वाळवतात. ती राख आहे, घाण नव्हे. परीक्षकाने पाहिले नाही. पुन्हा तपासा.'

त्याच संध्याकाळी तात्यांकडे बैठक होती. त्यांनी यादी मागितली. मी वही त्यांच्या हातात दिली नाही, वाचून दाखवली. पाचव्या दुकानाशी आल्यावर मी घाईने पान उलटायला लागलो.

"किती?" तात्यांनी विचारलं.

"आठ."

"आठ? त्या दिवशी तर तू तीन म्हणत होतास."

"पुन्हा तपासले," मी म्हणालो.

हसन खोकला. त्या दिवशी त्याला सर्दी नव्हती.