हॉलमधली मिशी

दिवाळीचे फटाके अजून वाजत होते, तेव्हाच माझ्या नवऱ्यानं मला न विचारता आमचा हॉल देऊन टाकला. लेकीच्या शाळेत रोबोटिक्सचा संघ निघाला होता. लेकीसकट नववीतल्या चार मुली आणि विज्ञानाचे सर. सुट्टीत प्रयोगशाळा बंद, आणि सरावाला मोठी सपाट जागा हवी. "आमचा हॉल मोकळाच असतो की," असं आमचे हे फोनवर सरांना म्हणाले. मी आत चकल्या तळत होते. हात पुसून बाहेर येईपर्यंत सोफा भिंतीला चिकटला होता, टीपॉय गच्चीवर गेला होता आणि मी माझ्याच घरात पाहुणी झाले होते.

माझा राग हॉलसाठी नव्हता, निदान सगळा नव्हता. मी दुसऱ्या एका शाळेत दहावीला गणित शिकवते. नववीत 'एवढंच वर्ष' म्हणून नाच, क्रिकेट, गिटार असलं काहीतरी धरलेली पोरं दहावीच्या सहामाहीत माझ्यासमोर कोरा पेपर घेऊन बसलेली मी दरवर्षी बघते. म्हणून फराळाच्या ताटावरच मी लेकीशी सौदा केला. पुण्याच्या राज्य फेरीला निवड झाली, तर दहावीतही रोबो चालेल, मी एका शब्दानं बोलणार नाही. नाही झाली, तर गाडं शाळेत परत आणि बाईसाहेब पुस्तकात. लेकीनं लगेच हात पुढे केला. हाताला चिवड्याचं तेल होतं आणि डोळ्यांत पाणी. पुढच्या वर्षी रोबो नाही, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. मला मात्र मनातून गुदगुल्या होत होत्या. चार पोरी, एक गाडं, आणि म्हणे पुण्याची फेरी! मी जिंकल्यातच जमा होते.

स्पर्धा अशी होती. जमिनीवर एका गावाचा नकाशा अंथरलेला असतो. गाड्यानं आपलं आपण चालत जायचं, आडवे काळे रस्ते मोजायचे आणि तिसऱ्या रस्त्यावरच्या दवाखान्यासमोर थांबून औषधाचं खोकं ठेवायचं. त्याच्या पोटाखाली एक सेन्सर असतो. खाली काळं दिसलं की ते एक आकडा मोजतं. मुली त्याला रोबो म्हणायच्या. मी गाडंच म्हणायची, कारण ते तसंच दिसायचं आणि तसंच कुरकुरायचं.

खरा नकाशा स्पर्धेच्या दिवशीच दिसणार होता. सरावासाठी मुलींनी तसाच दुसरा करायचं ठरवलं आणि माझा फ्लेक्स उचलला. माझा म्हणजे, मुळात तो आमच्या भागातल्या एका साहेबांच्या वाढदिवसाचा. वाढदिवस उलटल्यावर तो आमच्या गच्चीवर आला, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात साहेबांना पालथं घालून त्यांच्या पाठीवर मी कुरडया वाळवते. फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. पण साहेबांची मिशी इतकी दणकट, की ती पलीकडूनही काळपट उमटते. त्या मिशीवरच्या कुरडया बाकीच्यांपेक्षा आधी वाळतात. त्यामुळे ओल्या कुरडया घालायला घेतल्या की आमच्याकडे आधी मिशी भरायची आणि मग गाल, अशी पद्धतच पडली आहे.

त्या पांढऱ्या बाजूवर काळी चिकटपट्टी लावून मुलींनी रस्ते केले, निळ्या खडूनं तळं काढलं, आणि जानेवारीपर्यंत आमच्या हॉलमधून कुणी सरळ चाललं नाही. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस भिंतीला पाठ लावून सरकत सरकत आत जायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका गावाच्या वेशीबाहेर कडेकडेनं बसल्या. तिळगूळ गाड्यावरूनच पाठवा, असा आग्रह झाला. गाड्यानं तो इमानानं दवाखान्यात नेऊन ठेवला, आणि एकेकीनं तिथून वाकून उचलला. आमचे हे सोफ्यावर बसून प्रत्येक फेरीला टाळ्या वाजवायचे.

मला मात्र हात लावायची बंदी होती. "काकू, मोठ्यांनी हात लावायचा न्हाई, नियम हाय," असं चौघींतल्या मैंदर्गीच्या मुलीनं मला पहिल्याच दिवशी बजावलं. ती इथं सोलापुरात मावशीकडे शिकायला राहते, घरी कन्नड बोलते, आणि गाड्यानं काय करायचं ते सगळं कॉम्प्युटरवर तीच लिहायची. केर काढताना मी गाडं नुसतं बाजूला सरकवलं तरी लेक किंचाळायची, "आई! हात!" माझ्या घरात, माझ्या फरशीवर, माझ्या कुरडयांच्या फ्लेक्सवर मलाच बंदी!

सरावात एकच कटकट होती. तीन रस्ते मोज म्हटलं, की गाडं दवाखान्याच्या अलीकडेच, जिथं रस्ता नाही तिथं उभं राहायचं. मुलींनी सेन्सर पुसला, चाकं बदलली. शेवटी मैंदर्गीच्या मुलीनं तीनच्या जागी चार लिहिलं आणि गाडं बरोब्बर दवाखान्यासमोर थांबलं. "सेन्सर लई उतावळा हाय काकू, एक आकडा जास्तीच मोजतोय," ती म्हणाली. मी पेपर तपासत होते. मान वर न करता मी "हो का" म्हटलं.

विभागीय फेरी बार्शीच्या एका कॉलेजात होती. मुलींबरोबर कुणीतरी बाई हवी होती, आणि आमच्या ह्यांनी पुन्हा मला न विचारता माझं नाव दिलं. गाडं कडक भाकरीच्या मोठ्या डब्यात, जुन्या चादरीत गुंडाळून, लेकीच्या मांडीवर बसलं. एसटीत कंडक्टरनं डब्याकडे बोट केलं. "काय हाय वो ह्यात?"

"रोबो," लेक म्हणाली.

"चावत न्हाई न्हवं?"

"चावतो की, मला दिवाळीपासून चावतोय," मी म्हटलं. त्यानं पुढच्या सीटकडे तोंड फिरवलं.

बार्शीचा नकाशा गुळगुळीत, चकचकीत, कुठं डाग म्हणून नाही. गाडं ऐटीत निघालं. पहिला रस्ता झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावरच्या दवाखान्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या रस्त्यावर ते थांबलं, औषधाचं खोकं तिथल्या तळ्यात नीट ठेवलं आणि मागे वळलं. "माशांची तब्येत सुधारंल आता," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले असते, पण त्याच क्षणी मला मिशी आठवली.

दुसऱ्या रस्त्याच्या पुढे, दवाखान्याच्या अलीकडे, कुरडया जिथं आधी वाळतात तिथं. इतके दिवस गाडं साहेबांची मिशी रस्ता म्हणून मोजत होतं, आणि बार्शीच्या नकाशावर मिशी नव्हती.

दुसरी फेरी जेवणानंतर होती. दोन्हींतली चांगली ती धरणार होते. आवारातल्या झाडाखाली आम्ही डबे उघडले, पण मुलींचं लक्ष खाण्यात नव्हतं. त्यांनी सेन्सर पुसला, फुंकला, पुन्हा पुसला. "घरी तर बराबर थांबत व्हतं की!" मैंदर्गीची मुलगी रडवेली होऊन म्हणाली. सर "होईल, होईल" म्हणत होते. ते दिवाळीपासून तेच म्हणत होते. मी शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडून खात होते. मला फक्त खात राहायचं होतं. घरी गेल्यावर सोफा जागेवर आला असता, टीपॉय खाली आला असता, लेक पुस्तकात गेली असती. सौदा सरळ होता, आणि तिनंच हात पुढे करून केला होता. मी आणखी एक तुकडा तोंडात टाकला. कडक भाकरी चावायला वेळ लागतो, ते त्या दिवशी मला फार सोयीचं वाटलं.

मग माझी नजर लेकीकडे गेली. ती रडत नव्हती. तिनं ओठ आत ओढून घट्ट धरले होते, लहानपणी इंजेक्शन घेताना धरायची तसे. ते पाहिलं आणि मला स्वतःचाच राग आला, भयंकर राग आला. आणि राग आला की मला गप्प बसता येत नाही, हे आमच्या गल्लीला माहीत आहे.

बोललं तर चालतं का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, नियम हाताबद्दल आहे, तोंडाबद्दल काही लिहिलेलं नाही.

"दवाखाना कितव्या रस्त्यावर आहे?" वर्गात विचारते तसं मी विचारलं.

"तिसऱ्या," चौघी म्हणाल्या.

"मग चार का लिहिलंय?"

"घरी तीन लिहिलं की अलीकडंच थांबतंय की काकू."

"घरी अलीकडे काय आहे?"

मी पिशवीत पाण्याची बाटली शोधत असल्यासारखं केलं.

"मिशी!" लेक एवढ्यानं ओरडली, की शेजारच्या संघाच्या सरांनी दचकून आपल्या मिशीवरून हात फिरवला.

"हौद री!" म्हणजे खरंच की, म्हणत मैंदर्गीच्या मुलीनं कपाळावर हात मारला आणि चारचे तीन केले. दुसऱ्या फेरीत गाडं तिसऱ्या रस्त्यावर थांबलं आणि दवाखान्याच्या दारात खोकं ठेवून आलं. कुणीतरी वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होतं. आमचे हे तर सोलापुरात होते, म्हणून मी वळून बघितलं, तर त्या माझ्याच होत्या. संध्याकाळी पुण्याला जाणाऱ्या संघांची नावं वाचली. शेवटचं नाव आमच्या मुलींच्या शाळेचं होतं.

परतीच्या एसटीत बाकीच्या तिघी लगेच झोपल्या. लेक माझ्याशेजारी खिडकीशी, मांडीवर डबा.

"आई, तुला मिशी कधी आठवली?"

खोटं बोलता आलं असतं. "औषध तळ्यात पडलं तेव्हाच."

"मग जेवणापर्यंत का नाही बोललीस?"

"भाकरी खात होते."

माझी लेक हिशेबात कच्ची नाही. तिनं सगळा हिशेब मनातल्या मनात केला, सौद्यासकट. आता ही चिडणार, असं मला वाटलं. मी तयारीतही बसले. तिनं डबा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"धर जरा. माझे पाय भरून आलेत."

मी हात वरच ठेवले. "हात लावलेला चालेल?"

"झाकण नको उघडूस," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. डबा चांगलाच जड होता. सोलापूर येईपर्यंत मी तो दोन्ही हातांनी धरून बसले होते.