आईच्या पाठदुखीवर आम्ही काय निवडलं

मंडळी, आज सकाळी शेजारची वैशाली विचारत होती, "काकू, महिनाभर पाठ दुखून राहिली. ॲक्युपंक्चर करू की ॲक्युप्रेशर?" मला एकदम माझी आई आठवली.

ऐंशीच्या दशकात आम्ही भंडारा जिल्ह्यात सानगडीला राहायचो. आईची पाठ दुखायची. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून दुखत असेल, असं सगळेच म्हणायचे. बाबा म्हणाले, "नागपूरले सुया टोचणारा डॉक्टर आहे, तिकडं नेतो." त्यांचे मोठे भाऊ ॲक्युप्रेशरचं पुस्तक वाचून होते. ते अडून बसले, "सुया कायले? तळपाय दाबा."

आईला सुयांची भीती वाटायची, म्हणून दाबायचं ठरलं. मीच रोज दाबायचे. "बरं वाटून राहिलं व माय," ती म्हणायची. माझं मन राखायला म्हणायची, हे फार उशिरा कळलं.

चार महिन्यांनी तिच्या पायांतला जोर गेला. भंडाऱ्याला एक्स-रे काढला, तर मणक्याचा टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, "आधी काहून नाही आणलं?" त्याच हिवाळ्यात आई गेली.

वैशालीला आज मीच दवाखान्यात नेलं. रिपोर्ट उद्या येईल.

तुमच्या घरी कोणी दुखणं असंच अंगावर काढतंय का?