ज्याचं त्याचं आभाळ

कोणी वारलं की माणसं त्याच्या घरी जातात. उत्तमकाका आधी त्याच्या वावरात जात. आर्णीच्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तेरवीसाठी फोटो मोठा करून घ्यायला कोणी आलं, की कसं झालं, काय झालं हे ते विचारत नसत. "वावर कोन्या बाजूनं हाय? का दुकानातच बसे मानूस?" एवढंच विचारत. मग कॅमेरा पिशवीत घालून, गाडीला किक मारून तिकडे जात आणि तिथल्या आभाळाचा फोटो काढून आणत. तेच आभाळ त्या माणसाच्या चेहऱ्यामागे लावत.

आमच्याकडच्या बाकी स्टुडिओंत मेलेल्या माणसाला कोट-टाय चढवतात आणि मागे बर्फाचे डोंगर लावतात. जन्मभर बंडीवर वावरलेला माणूस भिंतीवर साहेब होऊन बसतो. लोकांना तेच आवडतं. काकांचा त्यावरून गिऱ्हाइकांशी कायम वाद. एकदा माझ्यासमोरच एक शेतकरी म्हणाला, "काका, ते बर्फाचं टाका ना. शोभा येते."

"तुह्या बापानं बर्फ पाह्यला होता काय?"

"नाही."

"बर्फाचा गोला तरी खाल्ला होता?"

"त्यायचे दातच नव्हते, काका."

"मंग तिथं नेऊन कायले उभा करतं त्याले? थंडीनं आखडन ना तो."

गिऱ्हाईक हसलं, आणि पलीकडच्या स्टुडिओतून बर्फाचा फोटो करून घेऊन गेलं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना माझे बाबा गेले. त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. चुलतबहिणीच्या लग्नातल्या घोळक्यातून काकांनी त्यांचा चेहरा काढला आणि भर उन्हात आमच्या वावरात आले. एप्रिल महिना. कपाशीची पऱ्हाटी उपटून रान मोकळं पडलेलं, आणि वर आभाळ पांढरंफटक. फोटो घरी आला तेव्हा त्या पांढऱ्यात एका कोपऱ्यात थोडी पानं दिसत होती, बाकी काही नाही. आत्या म्हणाली, "बॅकग्राउंड टाकाचं इसरला वाटते हा." आईने फोटो उजेडात धरला आणि त्या पानांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हा आपल्या धुऱ्यावरचा लिंब हाय. याच्याखाली भाकर खात ते." आणि तिने स्वतः खिळा ठोकला.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पदवीचा गाऊन घालून फोटो काढायला गेले, तर काकांनी स्टुडिओतला पडदा उघडलाच नाही. मला गाडीवर बसवलं आणि त्याच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, नेऊन उभं केलं. शेजारच्या वावरातल्या बाया निंदण सोडून बघत होत्या. मी लाजेने चूर. काका म्हणाले, "शिकली कशाच्या जोरावर? या वावराच्या ना? मंग पडद्याचं काय काम?" आज मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. माझ्या खोलीत तो एकच फोटो आहे.

काका हट्टी होते, आणि त्यांच्या हट्टाने त्यांचं नुकसानही झालं. लग्नाच्या ऑर्डरींसाठी ते माहूर, किनवट, पार आदिलाबादपर्यंत जात. वऱ्हाडाच्या गाडीत खिडकीशी बसत. गाडी डिझेलला थांबली की उतरून ढग टिपत. मारेगावकडच्या एका लग्नात पश्चिमेला काहीतरी विलक्षण रंग उठले आणि काका मांडवामागे गेले. परत आले तोवर हार घालून झाले होते. नवरीचा बाप अल्बम घेऊन दुकानात आला आणि तो काउंटरवर आपटला. "पोरगी माही, लगन माहं, अन् अल्बमात ढग!" काकांनी माफी मागायची होती. ते म्हणाले, "ढग बी लग्नालेच आलते." ही गोष्ट गावोगाव गेली. ऑर्डरी आटल्या आणि स्टुडिओ त्यांच्या मुलाच्या, प्रवीणच्या, हातात गेला. प्रवीण वाईट नाही. त्याने ड्रोन आणला, बंद पडायला आलेलं दुकान चालतं केलं. काका मागच्या खुर्चीत बसायला लागले.

आभाळाचं हे वेड कुठून आलं, ते मला नोकरी लागल्यावर कळलं. ते मला महागावकडच्या एका धरणावर घेऊन गेले. त्यांचा जन्माचा तांडा त्या पाण्याखाली होता. ते लहान असताना सगळ्यांना उठवलं आणि माणसं चार दिशांना वसली. काकांनी पाण्याकडे बोट केलं. "इथं खाली माह्या याडीची चूल हाय." याडी म्हणजे आई. मग त्यांनी वर पाहिलं. "घर गेलं, वावर गेलं, मसनवटी बी गेली. हे वरचं तेवढं सरकारले बुडवता नाही आलं." त्या तांड्यातलं कोणीही कुठेही वारलं, तरी काका त्याच्या मागे हेच आभाळ लावत.

दुकानात परतल्यावर त्यांनी संगणकावर मला एक फोटो दाखवला. संध्याकाळ, धरणावरचं आभाळ, आणि खाली एकटाच ढग. "हे माह्यासाठी ठेवलं. प्रवीणले सांगून ठेवलं हाय. तुले बी सांगतो, मास्तरीण. दोघं असले म्हनजे इसरनं होत नाही."

प्रवीण तिथेच होता. "हो ना बाबा, किती डाव सांगता," असं म्हणाला.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मी तेरवीला पोचले. खुर्चीवर हार घातलेला फोटो ठेवला होता. निळा कोट, लाल टाय, मागे बर्फाचे डोंगर आणि उंच उंच झाडं. जन्मभर काकांनी कोट घातला नव्हता. मी प्रवीणला बाजूला बोलावलं.

"ते धरणावरचं आभाळ होतं ना?"

"ताई, ती हार्ड डिस्क मागच्या सीझनलेच खाली केली. ड्रोनच्या व्हिडिओले जागा लागते. त्याच्यात होतं काय, ढगच तं होते."

"सगळ्या गावांचे?"

"सगळेच. घाईघाईत जे होतं ते लावलं. पाव्हन्यायले आवडलं."

पुढच्या रविवारी मी एकटीच धरणावर गेले आणि मोबाइलने आभाळाचा फोटो काढला. ते काकांच्या फोटोतल्यासारखं नव्हतं. ढग नव्हता, रंग नव्हते, सपाट फिकट निळं काहीतरी होतं. तरी जागा तीच होती. प्रवीणला पाठवला. उत्तर आलं, "टाकतो ताई." मी आणखी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

परवा आईच्या आधार कार्डाच्या कामासाठी आर्णीला गेले, म्हणून स्टुडिओत डोकावले. काउंटरच्या वर काकांची तीच फ्रेम लावलेली होती. तोच कोट, तेच डोंगर. खाली काकांच्या त्या बुडालेल्या तांड्यातला एक माणूस बापाचा लहानसा फोटो घेऊन उभा होता. प्रवीणने त्याला मागे काय लावायचं ते विचारलं. त्याने वर पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "काकाच्या मांगं हाय ना, तेच टाका आमच्या बाले. काकानं सोतासाठी ते निवडलं, म्हनजे चांगलंच असन."

प्रवीणने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो संगणकाकडे वळला आणि त्या लहानशा फोटोतून म्हाताऱ्याचा चेहरा कापायला लागला.