नम्रताची फेअर कॉपी

तुकाराम परब सावंतवाडीच्या कोर्टात स्टेनो होते. साहेब बोलत जायचे आणि तुकाराम लघुलिपीच्या रेघोट्यांत ते टिपून घ्यायचे. मग जागेवर येऊन त्या रेघोट्यांची पूर्ण वाक्ये टाइप करायची. साहेबांचा एखादा शब्द गाळला गेला असेल, तर विचारायला परत आत जायचे नाही. आपणच तो भरायचा आणि गप्प बसायचे. ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. बोलणे त्यांना तसेही कधी जमले नाही. घरातले बोलणे सगळे बायकोच्या, यशोदेच्या वाट्याला असे. ती गेली, मुलगा गोव्यात स्थायिक झाला आणि निवृत्तीनंतर घरात टाइपरायटरशिवाय आवाज करणारे काही उरले नाही.

दोन हजार आठ साली शेजारच्या खोलीत कॉलेजला जाणारी नम्रता भाड्याने राहायला आली. एके दिवशी ती प्रोजेक्टचे कागद घेऊन दारात उभी राहिली.

"आबानू, कॉम्प्युटरवाल्याकडे ही गर्दी आसा. तुमी टाइप करून देतलास?"

लिखाण इंग्रजीत होते. 'टू'च्या जागी दोनचा आकडा, 'फॉर'च्या जागी चारचा, 'यू'चे एकच अक्षर, 'बिकॉज'चे तर नुसते शेपूट. मोबाइलवर मेसेज लिहितात तसे. दुसऱ्या कोणी नाक मुरडले असते. तुकारामांना मात्र ते ओळखीचे वाटले. ही टिपणे, आता फेअर कॉपी आपण करायची, असे समजून त्यांनी सगळे शब्द पूर्ण करून टाइप केले. नम्रताने पाने वरवर चाळली आणि म्हणाली, "मस्त झालां!"

मग ती येतच राहिली. चहा घ्यायची, मैत्रिणींची भांडणे रंगवून सांगायची.

"आबानू, तुमी कायच बोलणत नाय. तुमच्याशी भांडाक पण गावणा नाय!"

तुकाराम हसायचे. पोरी, असे लिहू नको, हे एकदोनदा त्यांच्या ओठांवर आले. पण हिला नीट लिहिता आले तर ही येईल कशाला? त्यांनी ते गिळले. परीक्षेत मार्क कमी पडले, ते नम्रताने नशिबावर ढकलले.

निकालानंतर तिला एका काजूच्या कारखान्यातून नोकरीसाठी बोलावणे आले. तिथे समोर बसवून एक पत्र लिहायला सांगितले. संध्याकाळी ती आली ती तुकारामांच्या पायरीवरच बसली.

"माका घेवक नाय."

"कित्या गो?"

"साहेब म्हणाले, 'हे पत्र आहे की मैत्रिणीला मेसेज?' सगळे हसले." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "प्रोजेक्टात मी असांच लिवलेलां. सर कायच बोलूक नाय. तुमी बदललास?"

"व्हय."

"मगे माका सांगूचां नाय?"

आमच्या कामाची रीतच तशी, असे तुकाराम म्हणू शकले असते. खोटेही ठरले नसते.

"सांगलां असतां तर तू परत इलंस नसतंस," ते म्हणाले.

तुकारामांनी आतून कोरा कागद आणि पेन आणून तिच्यापुढे ठेवले.

"तांच पत्र लिव."

ती रागातच लिहू लागली. आकडा आला की तुकाराम तिथे बोट ठेवत आणि थांबत. शब्द सांगत नसत. ती खोडून पूर्ण लिही. दुसऱ्या दिवशीही ती आली, मग रोज येऊ लागली. राग निवळला, चहा पुन्हा सुरू झाला. आणि एका संध्याकाळी पत्र असे उतरले की तुकारामांना बोट ठेवायला जागाच मिळाली नाही. त्यांनी ते परत वरपासून वाचले, मुद्दाम सावकाश.

नम्रताचा चेहरा फुलला. ती कागदाची घडी घालत उठली.

"उद्या येतलंस मां?" तुकारामांनी विचारले. तिला असे त्यांनी कधी विचारले नव्हते.

"उद्या कशाक, आबानू? आता माका जमतां!"

"व्हय," तुकाराम म्हणाले, "जमतां तुका."